रूथला ऐकू यायचं ते

आमच्या दवाखान्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं ताप-खोकला, बाळंतपणं आणि विंचू चावलेली माणसं यायची. मागच्या दारानं गुरुवारचे पेशंट यायचे. आळेफाट्याहून थोडं आत, कांद्याच्या शेतांमध्ये असलेला हा दवाखाना आमच्या ख्रिस्ती मंडळीनं चालवलेला. दर गुरुवारी तिथं मनाच्या आजारांची ओपीडी भरायची. डॉक्टर पुण्याहून यायच्या. मी तिथली परिचारिका, आणि निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलं.

पाटीवर आम्ही खूप विचार करून 'मेंदू व मनाचे विकार' असं लिहून घेतलं होतं. पण फाट्यावर उतरून कुणी पत्ता विचारला की रिक्षावाला चारचौघांत म्हणायचा, "येड्यांच्या दवाखान्यात व्हय? बसा." विचारणारा तिथूनच परत फिरायचा. म्हणून बरेच जण "ओझरच्या गणपतीला जाऊन येतो" असं सांगून घरून निघत. मग परत जाताना प्रसाद दाखवायला हवा, म्हणून फाट्यावरून पेढे घेत. खाली गोळ्या आणि वर पेढे, असे कितीतरी पुडे मी माझ्या हातानं बांधून दिले आहेत.

मनाच्या आजाराची नर्स नेमकं करते काय, असं लोक मला अजून विचारतात. इंजेक्शन देते, पण ते थोडं. जास्त वेळ ऐकण्यात जातो. या गोळ्या लागू पडायला काही आठवडे लागतात, आणि लागू पडल्या की पेशंटला वाटतं, आता कशाला घ्यायच्या. तिथूनच आजार परत येतो. त्यामुळे माझं निम्मं काम वस्त्यांवर जाऊन, कुणाला न दुखावता, गोळी घेतली का हे काढून घेण्याचं होतं. मी सरळ कधी विचारायची नाही. ओट्यावर बसायची, चहा घ्यायची आणि बघायची, की बाईनं केस विंचरलेत का, आणि घरातले तिच्याशी बोलतात की तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलतात.

कधीकधी फजितीही व्हायची. घोडेगावकडच्या एका बाईला दिवस कलला की धडधडायचं. गोठ्यामागं बिबट्या बसलाय म्हणायची. घरच्यांना काही दिसत नव्हतं. आम्ही भीतीच्या आजारावर गोळ्या सुरू केल्या. मग वनखात्यानं गोठ्यामागं पिंजरा लावला, आणि त्यात चांगला दांडगा बिबट्या सापडला. पुढच्या गुरुवारी बाई मुद्दाम येऊन सांगून गेली, "सिस्टर, गोळ्या लई चांगल्या हायेत. पण त्या बिबट्याला द्यायला पायजे व्हत्या."

असं हसून सांगण्यासारखं पुष्कळ आहे. रूथचं मात्र मला हसून सांगता येत नाही.

त्याआधी आमच्या लोकांविषयी थोडं सांगते. इतर गावकरी आधी भगताकडे जात आणि गुण आला नाही की सरळ आमच्याकडे येत. त्यात त्यांना अपमान वाटत नसे. आमच्या ख्रिस्ती घरांत मात्र अवघड असायचं. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालताना कुणाचा विश्वास आड येत नव्हता. पण मन मोडलं की घरातले म्हणत, प्रार्थना कमी पडली, विश्वास कमी पडला. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर भरवसा नाही असं कबूल करणं, असं त्यांना वाटायचं. मी स्वतः लहानपणापासून याच मंडळीत वाढलेली. दवाखाना उघडण्याआधी मी रोज गुडघे टेकायची आणि मगच गोळ्यांचं कपाट उघडायची. दोन्ही गोष्टी एकाच हातांनी करण्यात मला कधी विसंगती वाटली नाही. पण हे दुसऱ्याला समजावून सांगता यायचं नाही.

रूथ आमच्या मंडळीतली. तिचा नवरा शमुवेल टेम्पो चालवायचा, टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या बाजारात खेपा करायचा. त्यांची विहिरीवर थोडी शेती होती. रूथ ठेंगणी, कामाला वाघीण, आणि उपासनेत गाणं तिनंच उचलायचं असा रिवाज पडलेला. पेटीवाला सूर शोधत असायचा तोवर तिचं अर्धं कडवं होऊन जायचं.

तिची आई वारली त्या वर्षी तिला ऐकू येऊ लागलं. टोमॅटो तोडत असताना मागून कुणीतरी "रुथी" अशी हाक मारली. या नावानं तिला फक्त आई हाक मारायची. पण आवाज पुरुषाचा होता, आणि तिनं तो लगेच ओळखला. प्रभूचा.

हे तिनं मला स्वतः सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की मी हातातलं काम खाली ठेवलं. "सिस्टर, लई मऊ आवाज व्हता. म्हनला, रुथी, दमली का गं? आजवर मला असं कुनी इचारलंच नव्हतं."

पुढं तो रोज येऊ लागला. भाकरी थापताना, धुणं धुताना. ती त्याच्याशी बोलायची आणि तो उत्तर द्यायचा. मंडळीत ही गोष्ट पसरली. बाया तिच्याकडून प्रार्थना करून घ्यायला येऊ लागल्या. आमच्यातल्या वयस्क मार्थाबाईंनी तर सगळ्यांना सांगून टाकलं, "तिला प्रभूनं निवडलंय." मी माझ्या परीनं आमच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या, कानावर घातलं, की हे आजाराचंही लक्षण असू शकतं. ते म्हणाले, "विमलताई, ती आनंदात आहे, घर सांभाळते, कुणाला त्रास नाही. थोडं थांबू या." ती खरंच आनंदात होती.

मग आवाजानं तिला उपास करायला सांगितलं. आधी एक वेळचा, मग दोन्ही वेळचा. मग शमुवेलशी बोलू नको म्हणाला. एका गुरुवारी सकाळी शमुवेल भरलेला टेम्पो बाहेर उभा करून दवाखान्यात आला. मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत.

"सिस्टर, तिनं पानी बी सोडलं. मी काय बोललो तर भिंतीकडं तोंड करून बसती. मंडळीतली मानसं म्हनत्यात, मधी पडू नगं. मी काय बगत बसू का तिला मरताना?"

मी पाळकसाहेबांना घेऊन निघाले. रूथ पडवीत बसली होती. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मार्थाबाई आणि आणखी दोघी भोवती बसून गात होत्या. पाळकसाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. स्वभावानं ते संकोची, उंच आवाजात कधी न बोलणारे. त्यांनी विचारलं, "रूथबाई, तो पाणी पिऊ नको म्हणतो?"

तिनं मान डोलावली.

"प्रभूला वधस्तंभावर तहान लागली होती. त्यानं ती लपवली नाही, बोलून दाखवली. तहान म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे, तो तुला तहानलेलं ठेवील का?"

ती म्हणाली, "तो रागावंल."

"रागावू दे. माझं नाव सांग. म्हणावं, पाळकांनी पाजलं."

मी तांब्या तिच्या ओठाला लावला. ती घोट घेताना दर वेळी मागं वळून बघत होती. शमुवेलनं टेम्पोतले क्रेट भराभर उतरवले, गोधडी अंथरली आणि तिला उचलून आत ठेवलं. मार्थाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "देवाच्या कामात हात घालताय तुमी." शमुवेलनं टेम्पो सुरू केला.

आमच्या डॉक्टर मूळच्या मंचरच्या, कापडदुकान चालवणाऱ्या जैन घरातल्या. मला वाटलं होतं, ख्रिस्ती बाईचा उपास त्या एका शब्दात निकालात काढतील. पण त्या रूथजवळ बसून राहिल्या, आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सिस्टर, उपास मी घरात बघत आलेय. माझी आजी पर्युषणात नुसत्या पाण्यावर राहायची. पण ती ठरवून धरायची आणि ठरवून सोडायची, पारण्याला घरभर हसत फिरायची. या बाईंना सोडायची मुभाच नाहीये. हा उपास त्यांचा नाही, आजाराचा आहे." उपास आणि आजार यांतला फरक इतक्या सोप्या शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

सलाईन लागलं, गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस मी चमच्यानं पेज भरवली. हळूहळू ती स्वतः जेवू लागली, शमुवेलशी बोलू लागली. एका दुपारी तिनं मला विचारलं, "आमच्या टमाट्याला काय भाव लागला म्हनं?" तेव्हा मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की आपली रूथ परत आली.

मंडळीत उपकारस्तुती झाली, म्हणजे देवाचे आभार मानायची खास उपासना. प्रार्थना ऐकली गेली म्हणून सगळे रडले. गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात गोळ्यांचीही उपकारस्तुती करून घेतली.

माझ्या धंद्यात अशी केस म्हणजे यश. पेशंट जेवतो, झोपतो, कामाला जातो, आणखी काय हवं? रूथ महिन्याच्या महिन्याला येत होती, गोळ्या नेत होती. अंगानं भरली होती. फक्त उपासनेत ती गाणं उचलेनाशी झाली. पेटीवाला आधी सूर धरायचा आणि ती सगळ्यांबरोबर मागून म्हणायची. मला वाटलं, गोळ्यांनी सुस्ती येते, होईल कमी.

एका गुरुवारी सगळे पेशंट गेल्यावर ती बाकावर तशीच बसून राहिली. मी विचारलं, "काय गं, टेम्पो यायचाय का?"

"सिस्टर, एक इचारू? तुमी मला बरं केलं, का त्याला घालवलं?"

मी तिच्याशेजारी बसले.

"तो गेला. एकदम न्हाई गेला. आधी लांबून यायचा, मग नुसतं कुजबुजल्यावानी, मग कायच न्हाई. आता मी प्रार्थना करती तर पलीकडं कुनीच नसतंय. आई गेली तवा एवडं सुनं वाटलं नव्हतं. आईला माती तरी दिली. याला काय दिलं?"

ती रडली नाही, तक्रारही केली नाही. हरवलेल्या माणसाची चौकशी करावी, तसं विचारत होती. नर्सिंगच्या शिक्षणात भास कसे ओळखायचे, कसे मोजायचे, गेले की लिहून कसं ठेवायचं, सगळं शिकवलं होतं. भास गेल्यावर मागं राहिलेल्या बाईचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि डोस थोडा कमी केला. पण तिला स्पष्ट सांगितलं, "रूथताई, गोड बोलणारा ठेवायचा आणि पाणी तोडणारा घालवायचा, असं औषध माझ्याकडे नाही. असतं तर दिलं असतं." रूथनं मान हलवली. समजलं म्हणाली.

उन्हं वाढायला लागली आणि उपासकाळ आला, म्हणजे आमच्याकडे ईस्टरच्या आधीचे दिवस. तेव्हा शमुवेलचा फोन आला. रूथ पहाटे उठून गुणगुणते, खुशीत असते, पण पानातली भाकरी तशीच राहते. मला काय ते कळलं. पाळकसाहेबांना बरोबर घेऊन मी गेले.

ती विहिरीजवळच्या आंब्याखाली बसली होती. आम्हाला बघून पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सलाम, पाळकसाहेब. सिस्टर, रागावू नका. मी गोळ्या बंद केल्या."

"आला का तो?" मी विचारलं.

"आला," ती म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "पन पयल्यासारका न्हाई वो. चार दिस मऊ बोलला. आता नुसता रागावतो. म्हनतो, तू मला गोळ्या खाऊन हाकललं. मी किती वाट बगितली सिस्टर, आन् आलं ते दुसरंच कुनीतरी."

मी तिचा हात धरला. पाळकसाहेब विहिरीच्या कठड्यावर टेकले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"रूथबाई," ते म्हणाले, "मला आयुष्यात एकदाही ऐकू आलेलं नाही."

ती रडायची थांबली.

"मी तरुणपणी डोंगरावर जाऊन बसायचो. हाक ऐकू येईल म्हणून. पाळकाची दीक्षा घेतली त्या दिवशी वाटलं, आज तरी. बायको आजारी होती तेव्हा जमिनीवर डोकं टेकून पडलो. काही नाही. तुला ऐकू येतं म्हणून कळलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला. विमलताईंनी मला आधीच सावध केलं होतं. मी थांबू या म्हणालो, कारण मला वाटलं, आपल्या मंडळीत एकीला तरी ऐकू आलं. ते खोटं ठरू नये असं मला वाटत होतं. त्यापायी तुझा जीव जाणार होता."

रूथनं विचारलं, "मग एवडी वरसं तुमी बोलता कुनाशी?"

"त्याच्याशीच."

"आन् पलीकडून कायच न्हाई?"

"काहीच नाही. तो ऐकतो, असं धरून चालतो. कधी सोपं जातं, कधी फार जड जातं."

रूथनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. आणि मग, डोळ्यांत पाणी असतानाच, तिला हसू आलं. "आन् दर ऐतवारी आमाला किती ठासून सांगता वो तुमी!"

पाळकसाहेबही हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

तिनं शमुवेलला हाक मारून पाणी मागवलं. गोळी तिनं माझ्याकडूनच घेतली. तोंडात टाकण्याआधी जरा थांबली, मान वर करून कान दिला, जसं कुणाचा निरोप घ्यावा. मग गिळली. ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मी शेकडो जणांना गोळ्या दिल्या, पण काय सोडतोय हे एवढं नीट माहीत असून गोळी घेतलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश संपल्यावर, सूचना सांगतात त्या सुरात, रूथच्या परवानगीनं सांगितलं, "आपल्या रूथबाई आजारी होत्या. त्या औषध घेतात. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि त्यांची गोळी चुकू नये म्हणूनही करा." बाकांवर चुळबुळ झाली. दोन घरं काही महिने उपासनेला आली नाहीत. पण मागच्या दारानं आमची माणसं यायला लागली ती तेव्हापासून. पुढच्या पावसाळ्यात मार्थाबाई सुनेला घेऊन आल्या. बाळंतपणानंतर सून बाळाकडे बघेनाशी झाली होती. मार्थाबाई माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. मी त्यांना बाकावर बसवलं, चहा दिला, आणि सुनेचं नाव विचारलं.

आता या सगळ्याला वर्षं झाली. पाळकसाहेब प्रभूकडे गेले. शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ होते. त्यांना काही ऐकू आलं का, ते मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही. डॉक्टर अजून गुरुवारी येतात, पण आता दवाखान्यात नवी मुलगी आहे, ती फोनवर पेशंटची चौकशी करते. मी घरी असते. माझे यजमान गेल्यापासून घरात माझ्याशिवाय कुणी नाही. गुरुवार उजाडला की उगाच लवकर जाग येते. कुणाच्या ओट्यावर बसून, काही न विचारता, घराकडे नुसतं बघत राहावं, याची मला इतकी सवय झालीय की स्वतःच्या ओट्यावर बसवत नाही.

मागच्या महिन्यात मी रूथकडे गेले. ती आता आजी झालीय. गोळी चालू आहे, लहान डोस. शमुवेलनं टेम्पो विकून म्हशी घेतल्यात. आम्ही पडवीत वाटाणे सोलत बसलो. बोलता बोलता मी माझंच सांगायला लागले. म्हटलं, रूथ, यजमान गेल्यापासून मला प्रार्थनाच होत नाही. शब्द येतात, पण भिंतीवर आपटून परत येतात. एवढी वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

रूथनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझे दोन्ही हात धरले. "मी करती," म्हणाली. डोळे मिटून ती बोलू लागली. मोठे शब्द नव्हते. शेजारणीला बांधावरून सांगावं तसं. सिस्टर एकटी पडलीय. जेवन बी नीट करत नसंल. तिला वाईच सोबत दे. आमचं तुला म्हाईतच हाय. आमेन.

मी हात सोडवून घ्यायला गेले, तर तिनं सोडले नाहीत.

"जरा बसा सिस्टर. आमेन म्हनल्यावर मी वाईच थांबती."

"कशाला गं?"

तिचे डोळे मिटलेलेच होते. पलीकडं विहिरीवरची मोटार चालू होती. तेवढ्यात लाइट गेली, मोटार थांबली, आणि सगळं शिवार एकदम गप्प झालं. त्या शांततेत आम्ही दोघी हातात हात धरून बसून राहिलो, कान देऊन.